गेमचं कपाट

ग्रंथालयात व्हिडिओ गेम ठेवायचे ठरले तेव्हा बैठकीत पहिला विषय निघाला तो चोरीचा. कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, ही महागडी, पिशवीत सहज मावणारी आणि बाहेर लगेच खपणारी वस्तू. कॅमेरा लावा, काचेच्या कपाटात ठेवा, साखळीनं बांधा, एक ना दोन सूचना आल्या. मी बालविभाग बघते, म्हणजे हे सगळं शेवटी माझ्याच गळ्यात पडणार हे दिसतच होतं. म्हणून मी एवढंच म्हटलं, की कुलपाचं नंतर बघू, आधी सामान काय काय आहे ते लिहून काढू. पुस्तकांच्या बाबतीत माझा अनुभव असा, की चोरीला जातं त्याच्या कितीतरी पट नुसतं हरवतं. पुस्तकाच्या खिशातली सीडी, घडीचा नकाशा, बोर्ड गेममधला एखादा फासा. कुणी मुद्दाम पळवत नाही. ते दप्तरात जातं, खुर्चीखाली जातं, केरात जातं, आणि गेलंय हे आपल्याला कळतं थेट साठा पडताळणीच्या वेळी.

‘ग्रंथालयात गेम कशाला?’ हाही प्रश्न आला, पण तो फार वेळ टिकला नाही. अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं २००८ मध्ये ग्रंथालयांसाठी गेमिंग दिवस सुरू केला आणि पुढे तो अनेक देशांत पोचला, एवढं सांगून ग्रंथपाल मॅडमनी विषय संपवला. विषय संपवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

आमच्याकडे साहित्य आलं ते दोन प्रकारचं. एक नवं निन्टेन्डो स्विच, पहिल्या पिढीचं, आणि एका सभासदांनी भेट दिलेला जुना एक्सबॉक्स वन. नोंदी करायला बसलो आणि पहिलाच पेच पडला: हे ग्रंथांच्या दाखल नोंदवहीत घालायचं की जडवस्तूंच्या वहीत? कन्सोल, टीव्ही, ट्रॉली ही सरळसरळ जडवस्तू, टेबल-खुर्च्यांसारखी. पण गेमच्या डिस्क आणि कार्ट्रिज (स्विचची छोटी गेम-कार्डं) वाचकाच्या हातात जाणार, परत येणार. त्यांना पुस्तकासारखा दाखल क्रमांक हवा. मग हातात धरून खेळायच्या कंट्रोलरचं काय? देवघेव काउंटरवरचे काका म्हणाले, “जे हातात जातं आणि परत यावं लागतं, त्याला नंबर द्या.” इतका सोपा निकष मला सुचला नव्हता. तोच आम्ही सगळीकडे लावला.

दुसरा नियम मी माझ्याकडून घातला: नोंदवहीत ‘स्विच, एक संच’ असं कुणी लिहायचं नाही. संच म्हटलं की आत काय होतं ते सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही. स्विचच्या खोक्यातून निघतात त्या वस्तू अशा: स्क्रीनवाला मुख्य भाग, टीव्हीला जोडायचा डॉक, अ‍ॅडॉप्टर, एचडीएमआय केबल, डावा आणि उजवा जॉय-कॉन (म्हणजे स्विचचे छोटे कंट्रोलर), दोन मनगटी पट्ट्या आणि दोन्ही जॉय-कॉन एकत्र बसवायची ग्रिप. मूळच्या एक्सबॉक्स वनचा वीजपुरवठ्याचा ठोकळा कन्सोलच्या बाहेर असतो, तो वेगळा लिहिला. त्याच्या कंट्रोलरला मागे सेलचं झाकण असतं, तेही वेगळं लिहिलं. काकांना ते फार झालं असं वाटलं. झाकण कोण नेणार? कुणी नेत नाही हो, पण पहिलं गायब होतं ते झाकणच. सेल बदलताना काढलं जातं, टेबलावर राहतं आणि मग कंट्रोलरला चिकटपट्टी लागते.

प्रत्येक वस्तूचा फोटो काढला आणि जिथे अनुक्रमांक छापलेला होता तिथे तो वहीत उतरवला. चोरी झालीच तर तक्रारीत ‘काळ्या रंगाचा कन्सोल’ एवढंच लिहून काही हाती लागत नाही, अनुक्रमांक लागतो. शिवाय ग्रंथालयाचं नाव आणि दाखल क्रमांक कोरणीनं प्लास्टिकवर कोरला, हवा जाण्याच्या जाळीपासून लांब आणि सहज दिसेल असा. वस्तू विद्रूप होईल म्हणून एकदोघांचा विरोध होता. माझ्या मते विद्रूप झालेलीच बरी. ज्याच्यावर ग्रंथालयाचं नाव कोरलंय असा कन्सोल विकत घेताना माणूस दहादा विचार करतो, आणि स्टिकर तर नखानंही निघतो.

मग कुलपाकडे वळलो. लॅपटॉपला तारेचं कुलूप अडकवायला जी बारीक खाच असते, केन्सिंग्टन कुलपाची, ती एक्सबॉक्स वनच्या अंगावर आहे. त्यामुळे तो प्रश्न चटकन सुटला: पोलादी तार ट्रॉलीच्या खांबाला गुंडाळली आणि कुलूप खाचेत बसवलं. स्विचला अशी खाच नाही, ना मुख्य भागाला ना डॉकला. त्यात त्याची सगळी गंमतच अशी, की डॉकमधून स्क्रीन एका हातानं वर ओढली की निघते. घरात ही सोय, आमच्याकडे डोकेदुखी. डॉक बांधून काय उपयोग, महाग भाग तर वरून उचलला जातोय.

या टप्प्यावर साखळीची सूचना पुन्हा वर आली, आणि मॅडमनी रंगनाथन काढले. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलं ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’. ते समजावताना त्यांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांमधल्या साखळदंडांनी बांधलेल्या ग्रंथांची गोष्ट सांगितली आहे. इंग्लंडमध्ये हेरेफर्डच्या कॅथेड्रलमध्ये असं ग्रंथालय आजही टिकून आहे. तिथे साखळी पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला जोडलेली असते, म्हणून पुस्तकं कणा आत आणि पानांची कड बाहेर करून ठेवतात. साखळीची लांबी खालच्या वाचनफळीपर्यंत पोचेल एवढीच. पुस्तक सुरक्षित, पण त्याचं नाव कण्यावर दिसायची सोय नाही आणि खिडकीपाशी नेऊन वाचायची तर नाहीच नाही. मॅडमचं म्हणणं होतं, की कंट्रोलरला तार बांधली तर मुलं तारेच्या लांबीएवढीच खेळतील. हात वर करून, उड्या मारत खेळायचे गेम तर बादच. मला ते पूर्ण पटलं. एक्सबॉक्सची तार राहू दिली, कारण तो जागचा हलवायचाच नसतो. हातात धरायच्या वस्तूला मात्र तार नाही, हे कायमचं ठरलं.

स्विचसाठी मग ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात लोखंडी पेटी करून घेतली. पेटीला पुढे दार आणि कुलूप, मागे जाळी, दोन्ही बाजूंना भोकं. डॉक पेटीच्या तळाला पट्टीनं घट्ट बसवला. स्क्रीन त्यात सरकवायची, दार लावायचं, खेळ टीव्हीवर दिसतो आणि जॉय-कॉन बिनतारी असल्यामुळे बाहेर. पेटी करणाऱ्या माणसाला जाळीचं महत्त्व पटवायला वेळ लागला. त्याचं म्हणणं, पत्रा सलग असला की मजबुती येते. खरंय, पण चालू कन्सोलला बंद पेटीत ठेवलं तर तो आतलीच गरम हवा पुन्हा ओढत बसतो, पंखा ओरडायला लागतो आणि शेवटी यंत्र स्वतःच बंद पडतं. एक्सबॉक्सच्या बाहेरच्या ठोकळ्यातही छोटा पंखा असतो. तो कपाटामागच्या फटीत कोंबायची सवय फार जणांना असते, आम्ही तो ट्रॉलीच्या मधल्या फळीवर मोकळा ठेवला.

एचडीएमआय केबल दोन्हीकडून जोडलेल्याच ठेवल्या. रोज काढा-घाला केलं की टीव्हीचं पोर्ट सैल होतं, आणि ते दुरुस्त करणं म्हणजे टीव्ही उघडणं आलं. केबल बाजूनं बांधून घेतल्या, ट्रॉलीच्या चाकांना ब्रेक आहेत ना हे पाहिलं, आणि टीव्ही नुसता वर न ठेवता मागच्या चार स्क्रूंच्या पट्टीवर बसवला. मुलं ट्रॉलीला रेलतात. रेलू नका असं कितीही सांगा, रेलतातच.

आता फोम. माझ्या दृष्टीनं या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात उपयोगी काम कुलूप नसून हेच आहे. कारागीर हत्यारांसाठी वापरतात तसा ईव्हीए फोम आणला, दोन रंगांचा. खाली पिवळा थर, वर काळा. कंट्रोलर आणि सुटे भाग ठेवायच्या कपाटाच्या खणाच्या मापाचा तुकडा कापून त्यावर प्रत्येक वस्तू ठेवली, पेन्सिलनं कड काढली आणि धारदार कटरनं फक्त काळा थर कापला. कटर उभा धरावा लागतो. तिरका धरला की खाचेची भिंत तिरकी होते आणि वस्तू डगमगते. एका दमात खोल कापायचं नाही, त्याच रेघेवरून हलक्या हातानं तीन-चार वेळा फिरवायचं. बोटानं उचलता यावं म्हणून प्रत्येक खाचेच्या कडेला अर्धगोल कापला. कंपासपेटीत कर्कटक आणि गुण्या आपापल्या खाचेत बसतात तसं प्रत्येक कंट्रोलरला, पट्टीला, झाकणाला स्वतःचं घर मिळालं, आणि घराशेजारी नंबर. वस्तू जागेवर नसेल तर तिथे पिवळं दिसतं. यादी वाचायला नको, मोजायला नको. संध्याकाळी खण ओढला आणि सगळं काळं दिसलं की लावलं कुलूप. पिवळं दिसलं की तेव्हाच शोधायचं, मुलं जिन्यावर आहेत तोवर.

याच खाचांमधून देवघेवीची पद्धतही आपोआप निघाली. कंट्रोलर द्यायचा तेव्हा सभासदाचं ओळखपत्र घ्यायचं आणि ते त्याच रिकाम्या खाचेत ठेवायचं. तीन नंबरचा कंट्रोलर कुणाकडे आहे? तीन नंबरच्या खाचेत बघा. रजिस्टर लिहीत बसलं तर गर्दीच्या वेळी काउंटरवर रांग लागते आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘काकू, द्या ना, नंतर लिहा.’ कार्डाच्या पद्धतीत ‘नंतर’ नाहीच. मूल स्वतःच कार्ड मागायला येतं आणि कंट्रोलर हातात घेऊनच येतं.

मनगटी पट्ट्यांचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पहिल्या पिढीच्या स्विचमध्ये सगळ्यात जास्त कटकट त्यांची. जॉय-कॉनच्या कडेला खोबण असते, तीत पट्टी सरकवतात. उजव्या जॉय-कॉनवर अधिकचं, डाव्यावर उण्याचं चिन्ह असतं, तशीच चिन्हं पट्ट्यांवरही असतात. अधिकाला अधिक, उण्याला उणे. उलटी पट्टी सरकवली तरी ती आत जाते, पण मग अडकते आणि ओढून निघत नाही. मुलं जोर लावतात, खोबणीचा खिट्टा खराब होतो. म्हणून फोमवर पट्टीच्या खाचेशेजारी ठळक अधिक आणि उणे रंगवलं, आणि पट्टी देताना मोठ्यानं म्हणून दाखवायची रीत पाडली. आता मुलंच एकमेकांना ओरडतात, ‘अरे उणे आहे ते!’

पुढे एका सभासद कुटुंबानं दुसरं स्विचही दिलं, तेव्हा आणखी एक घोळ लक्षात आला. जॉय-कॉन कन्सोलच्या कडेला लावला की तो त्या कन्सोलशी आपोआप जोडला जातो. पहिल्या स्विचचा जॉय-कॉन दुसऱ्याला कुणी लावला, की तो दुसऱ्याचाच होऊन बसतो. रंग सारखे असले तर ओळखणार कसं? एका संचाला निळी चिकटपट्टी, दुसऱ्याला हिरवी, फोमच्या खाचांनाही तीच. त्यानंतर संच मिसळले नाहीत असं नाही, पण मिसळले की लगेच दिसतं.

गेमची गोष्ट वेगळी. स्विचचं कार्ट्रिज साधारण तीन सेंटीमीटर लांब आणि दोन सेंटीमीटर रुंद. शर्टाच्या खिशातही ते शोधावं लागतं. मुलांनी ते तोंडात घालू नये म्हणून निन्टेन्डो त्यावर डिनॅटोनियम बेंझोएट नावाचं अतिशय कडू रसायन लावते, आणि हे कळल्यापासून आमच्याकडे प्रत्येक नवं मूल ते एकदा चाटून बघतं, म्हणजे उद्देशाच्या अगदी उलट. आरएफआयडीचा, म्हणजे दारातल्या गेटला रेडिओलहरींनी ओळखू येणारा, टॅग लावायचा तर एवढ्याशा तुकड्यावर जागा नाही. डिस्कसाठी मधल्या भोकाभोवती बसणारे गोल टॅग मिळतात, पण डिस्कमधल्या धातूच्या थरामुळे ते नीट वाचले जात नाहीत. म्हणजे टॅग डबीला लावावा लागतो आणि मग दारातलं गेट राखतं ते डबी, गेम नाही. रिकामी डबी शेल्फवर सोडून कुणी आतलं घेऊन गेलं तर गेट मुकाट बसणार.

त्यामुळे आम्ही शेल्फवर रिकाम्या डब्या ठेवल्या, पुठ्ठ्यासकट, बघायला आणि निवडायला. खरी कार्ट्रिज आणि डिस्क काउंटरमागच्या कुलपाच्या खणात, दाखल क्रमांकाच्या क्रमानं. मूल डबी घेऊन येतं, आम्ही आतला माल देतो. गेम सरळ डाउनलोडच का करू नये, म्हणजे चोरीचा प्रश्नच मिटेल, असंही कुणी सुचवलं. मिटेल, पण डाउनलोड केलेला गेम खात्याला बांधलेला असतो, तो घरी न्यायला देता येत नाही. आणि ते खातं ज्या कर्मचाऱ्यानं उघडलं त्याची बदली झाली तर पासवर्डाच्या मागे धावा. त्यापेक्षा हातात धरता येईल अशी वस्तू ग्रंथालयाला सोयीची.

यंत्राच्या आतलं कुलूप लोक विसरतात. स्विचवर पालक नियंत्रणाचा पिन लावला, ऑनलाइन दुकानासाठी प्रत्येक वेळी पासवर्ड मागेल असं केलं, आणि कुठल्याही खात्यात कुणाचंही बँक कार्ड ठेवलं नाही. ग्रंथालयाच्या नावानं साधी खेळाडू-खाती केली. अडचण येते ती मुलं स्वतःचं खातं उघडून तसंच सोडून जातात तेव्हा. स्विचमध्ये खेळाची प्रगती कार्ट्रिजवर नव्हे तर यंत्रातच साठते, आणि स्क्रीनचे फोटोही. म्हणजे पुढच्या मुलाला आधीच्याचं नाव, त्याचा खेळ, सगळं दिसतं. कोण काय वाचतं हे आपण तिसऱ्याला सांगत नाही. मग कोण काय खेळतं हे तरी का दिसावं? आठवड्याची झाडलोट करताना परकी खाती आणि फोटो पुसायचे, हे काम मी कपाटाच्या दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवलंय. पुसण्याआधी मुलांना सूचना लावतो, नाहीतर कुणाची तरी महिनाभराची लढाई वाया जाते आणि रडारड आपल्यापाशी.

बॅटरीचा भाग रूक्ष आहे, पण टाळून चालत नाही. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण संपलेली, दोन्ही अवस्थांत दीर्घकाळ ठेवू नये. साधारण निम्मी भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी. लांबच्या सुटीआधी तसंच करतो. स्विच वापरात नसलं तरी सहा महिन्यांतून एकदा चार्ज करावं असं निन्टेन्डोच सांगते. चार्जिंग मात्र कर्मचारी हजर असतानाच, कपाटाचं दार उघडं ठेवून. रात्री बंद कपाटात काहीही चार्जिंगला लावायचं नाही, ह्यावर वाद नाही. कुठल्याही वस्तूचं पोट फुगलेलं दिसलं तर चार्ज करायचं नाही, दाबायचं नाही, टोचायचं तर अजिबातच नाही, बाजूला काढून ई-कचऱ्यात. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमधले साधे सेल बंद काळात काढून ठेवतो, ते पाझरले की पांढरा खार धरतो आणि स्प्रिंगा खातो. खणात सिलिका जेलच्या पुड्या आहेत, रंग बदलला की बदलतो.

किल्लीवरून आमच्यात खरी वादावादी झाली. एकाकडेच किल्ली असली की जबाबदारी निश्चित, हे कार्यालयाचं म्हणणं. माझं म्हणणं, तो एक माणूस रजेवर गेला की मुलं बंद कपाटासमोर उभी. कपाट बंद म्हणून मूल परत गेलं तर ते नुकसान कुठल्याच नोंदवहीत येत नाही, पण नुकसानच ते. शेवटी मधला मार्ग निघाला: किल्ल्या आकड्याच्या छोट्या पेटीत, आकडा दोघांना माहीत, आणि कुणी केव्हा उघडलं याची सही. आकडा दर काही दिवसांनी बदलतो. पहिल्या काही दिवसांत सह्या चुकायच्या, आता चुकत नाहीत, कारण सहीचा कागद पेटीच्या झाकणालाच लावलाय आणि पेन दोरीनं बांधलंय. हो, साखळदंडाला विरोध करून शेवटी पेन मात्र बांधलंच.

मागच्या साठा पडताळणीत कन्सोल, डॉक, कार्ट्रिज, डिस्क सगळं जागेवर मिळालं. गेलं ते एक सेलचं झाकण आणि एक पट्टी, आणि दोन्हींची तारीख आम्हाला सांगता आली, कारण पिवळं त्याच संध्याकाळी दिसलं होतं. खराब झाले ते दोन जॉय-कॉन: काठीला हात न लावताही पात्र आपोआप एका बाजूला चालत राहतं, हा त्यांचा जुना, सर्वांना ठाऊक असलेला दोष. समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं, ही तोडफोड समजायची का, कुणाकडून भरपाई घ्यायची? मी त्यांना झिजलेल्या पुस्तकांचा निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून कमी करण्याचा, रकाना दाखवला. वाचून वाचून शिवण सुटलेल्या पुस्तकाची भरपाई आपण शेवटच्या वाचकाकडून घेत नाही. जॉय-कॉनही त्याच रकान्यात गेले: अनुक्रमांक, निर्लेखनाचं कारण ‘वापरानं झीज’, मॅडमची सही. कन्सोलमधून त्यांची जोडणी काढली, दोघांना ई-कचऱ्याच्या पेटीत टाकलं आणि त्यांच्या खाचांचे नंबर नव्या जोडीला दिले.